‘सगळे हेच घेतात’ : मित्रांची शिफारस आणि आपला खिसा



गावाकडे आपला डॉक्टर, सोनार, शिंपी आणि वाणी हे बहुधा ठरलेले असत. आजोबा ज्या पेढीवर जात, तिथेच नातूही जाई. कुणाला विचारण्याचा प्रश्नच येत नसे, कारण त्या दुकानदाराची तीन पिढ्यांची कुंडली घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असे. आपण ऑस्ट्रेलियात आलो आणि ही सारी पुंजी मागे राहिली. इथे दंतवैद्य कोण चांगला, घराचे कर्ज कुठून घ्यावे, आरोग्यविमा कुठला, आईवडील येणार असले तर त्यांची पॉलिसी कोणती, हे सगळे नव्याने ठरवावे लागते. आणि बहुतेक वेळा आपण ते एकाच रीतीने ठरवतो : कुणाला तरी विचारून.

मी १९९२ साली सिडनीला आलो, तेव्हा ही विचारपूस फोनवर किंवा गणपतीच्या पंगतीत होत असे. आता ती व्हॉट्सॲपवर होते. रात्री झोपताना प्रश्न टाकावा आणि सकाळी चहाच्या वेळी पंधरा उत्तरे आलेली असावीत. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण कधी भेटलेलोही नसतो. तरी त्यांच्या सांगण्यावरून आपण हजारो डॉलरांचे निर्णय घेतो. विचारणे मुळीच वाईट नाही. पण शिफारस कुठे कामाची असते आणि कुठे अंगाशी येते, हे पाहून ठेवणे प्रकृतीच्या आणि पैशाच्या दोन्ही दृष्टींनी हिताचे आहे.

ओळखीच्या माणसाचेच का पटते?

हा काही केवळ आपल्या मराठी मंडळींचा स्वभाव नाही. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड या दोन समाजशास्त्रज्ञांचे ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ हे पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या डिकेटर या मध्यम आकाराच्या गावातल्या सुमारे आठशे स्त्रियांना त्यांनी विचारले होते, की किराणा, कपडे, सिनेमा यांच्या निवडी तुम्ही कशावरून करता? जाहिरातींपेक्षा शेजारणी-मैत्रिणींच्या बोलण्याचा प्रभाव अधिक असल्याचे त्यात दिसून आले. पुढे २०१२ साली नील्सन कंपनीने आपल्या जागतिक पाहणीचे आकडे दिले. ओळखीच्यांच्या शिफारशीवर विश्वास ठेवणारे ९२ टक्के होते, आणि इंटरनेटवरील अनोळखी ग्राहकांच्या मतांवर विश्वास ठेवणारे ७० टक्के.

याचे कारणही उघड आहे. जाहिरात करणाऱ्याला माल खपवायचा असतो, मित्राला खपवायचा नसतो. शिवाय विम्याची ऐंशी पानांची पुस्तिका वाचण्यापेक्षा ‘तू कुठला घेतलास रे?’ असे विचारणे केव्हाही सोपे. परदेशात वेळ कमी, नियम अपरिचित आणि इंग्रजी कायद्याची. अशा वेळी आपल्या भाषेत कुणी दोन वाक्यांत उत्तर दिले, तर हायसे वाटते. अडचण अशी, की या हायसे वाटण्यालाच आपण पुष्कळदा चौकशी समजून बसतो.

दहा तोंडे, एक अनुभव

पहिली गोष्ट ध्यानात घेण्याजोगी ही, की शिफारशी मोजताना आपण तोंडे मोजतो, अनुभव मोजत नाही. समजा, एका गृहस्थांनी कर्जासाठी एक ब्रोकर निवडला. त्यांनी तो दोन मित्रांना सांगितला, त्या दोघांनी आणखी चौघांना. वर्षभराने एखाद्या नवीन कुटुंबाने विचारले, की सातही जण तेच नाव घेतात. नवीन माणसाला वाटते, सात जणांनी पारखून घेतलेला माणूस आहे. प्रत्यक्षात पारख, केली असेलच तर, पहिल्याने केली. बाकीचे त्याच्या मागून गेले.

२००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा या विषयावरील एक नामांकित प्रयोग प्रसिद्ध झाला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी ऐकायला देऊन आवडतील ती उतरवून घेण्याची मुभा दिली. काहींना फक्त गाणी दाखवली. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि आपल्या गटात कोणते गाणे कितींनी घेतले, तो आकडाही त्यांना दाखवला. आकडा दिसू लागताच लोक गर्दीमागे जाऊ लागले, आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. अतिशय उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अतिशय सुमार सहसा वर आली नाहीत. पण मधल्या साऱ्या गाण्यांचे नशीब, सुरुवातीला कुणी काय उचलले यावर बरेचसे अवलंबून राहिले.

आपले विमे, ब्रोकर आणि दंतवैद्य बहुधा या मधल्या गाण्यांसारखेच असतात. तेव्हा ‘सगळे हेच घेतात’ याचा अर्थ ‘हेच उत्तम आहे’ असा होत नाही.

मित्राला लाभले ते आपल्याला लाभेलच असे नाही

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मित्राचा अनुभव शंभर टक्के खरा असतो, पण तो त्याच्या परिस्थितीचा असतो.

साधे उदाहरण ॲम्ब्युलन्सचे घ्या. ब्रिस्बेनचा मित्र सांगतो, ‘ॲम्ब्युलन्सच्या विम्याची काही गरज नाही, आम्ही कधी घेतला नाही.’ तो खरेच बोलतो. क्वीन्सलँडच्या रहिवाशांचा ॲम्ब्युलन्सचा खर्च त्यांचे राज्य सरकार उचलते. मेडिकेअर मात्र हा खर्च देत नाही. त्यामुळे मेलबर्नच्या माणसाने हा सल्ला मानला आणि त्याच्याकडे विमा, ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचे सदस्यत्व किंवा सवलतीचे कार्ड यांपैकी काही नसले, तर बिल त्याच्या नावाने येते. सल्ला खरा, पण राज्य वेगळे.

आता खासगी आरोग्यविम्याचे पाहा. एप्रिल २०१९ पासून इथल्या हॉस्पिटल पॉलिसींचे गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ आणि बेसिक असे चार वर्ग केले आहेत. एखादा तिशीतला धडधाकट तरुण ‘बेसिक’ घेतो. त्याचा हेतू एवढाच असतो, की मेडिकेअर लेव्ही सरचार्ज भरावा लागू नये. खासगी हॉस्पिटल विमा नसलेल्यांना ठरावीक उत्पन्नाच्या वर हा अधिभार १ ते १.५ टक्क्यांपर्यंत लागतो. २०२५-२६ सालासाठी ही मर्यादा एकट्या माणसाला १,०१,००० डॉलर आणि कुटुंबाला २,०२,००० डॉलर आहे. त्या तरुणाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे. तो मित्रांना मनापासून सांगतो, ‘स्वस्त आणि मस्त!’

हीच पॉलिसी मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या जोडप्याने घेतली तर? बाळंतपणाचा समावेश सक्तीने असतो तो गोल्ड वर्गात, आणि त्यालाही बारा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. म्हणजे दिवस राहिल्यावर पॉलिसी बदलून उपयोग नाही. (मेडिकेअर असलेल्यांचे बाळंतपण सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते, हे या निमित्ताने सांगून ठेवतो. खासगी पाहिजेच असे मुळीच नाही.) आणि हीच पॉलिसी पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांनी घेतली तर? मोतीबिंदू आणि गुडघेबदल याही शस्त्रक्रिया गोल्डमध्येच हमखास मिळतात, हृदयविकाराच्या सिल्व्हरपासून पुढे.

वयाचा हिशेब आणखी निराळा. वयाच्या तिसाव्या वर्षानंतर जितकी वर्षे हॉस्पिटल विमा घेतला नाही, तितक्या वर्षांसाठी हप्त्यावर दर वर्षी २ टक्के याप्रमाणे जादा आकार बसतो. चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा घेणाऱ्याला २० टक्के, आणि कमाल ७० टक्के. सलग दहा वर्षे विमा ठेवला की हा आकार निघून जातो. नव्याने आलेल्यांना यात सवलत आहे. मेडिकेअरमध्ये पूर्ण हक्काने नाव नोंदल्यापासून बारा महिन्यांच्या आत हॉस्पिटल विमा घेतला, तर वय काही असले तरी जादा आकार लागत नाही. इथेच जन्मलेल्या सहकाऱ्याला ही सवलत ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण त्याला ती कधी लागलीच नाही. तो आपला सांगतो, ‘घाई काय आहे, पुढे बघू.’ त्याच्या शब्दावर वर्ष निघून गेले, की पुढची दहा वर्षे भुर्दंड.

आईवडिलांची पॉलिसी

आपल्या मंडळींमध्ये सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आईवडिलांच्या विम्याचा. ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार ब्रिटन, न्यूझीलंड, आयर्लंड, इटली अशा अकरा देशांशी आहे. त्यात भारत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आपल्या आईवडिलांना म्हणूनच मेडिकेअर मिळत नाही, आणि रुग्णालयाचे संपूर्ण बिल आपल्याला भरावे लागते.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने मित्राने सुचवलेली पॉलिसी डोळे झाकून घेतली. मित्राच्या आईला इथे आल्यावर न्युमोनिया झाला होता आणि कंपनीने सगळे पैसे विनातक्रार दिले होते. शिफारस अगदी प्रामाणिक होती. या कुटुंबातल्या वडिलांना मात्र नाशिकला असल्यापासून मधुमेह आणि रक्तदाब. इथे त्यांच्या छातीत दुखू लागले आणि चार दिवस रुग्णालयात राहावे लागले. दावा नामंजूर झाला, कारण आजार आधीपासूनचा ठरला. बिल पाच आकडी होते. मुलगा म्हणाला, ‘काका, त्यांना तर सगळे मिळाले होते!’ मिळाले होते, कारण त्यांचा आजार इथे येऊन झाला होता. पॉलिसी तीच, कलम तेच, माणूस वेगळा.

आधीपासूनच्या आजाराला बहुतेक पॉलिसींत मोठा प्रतीक्षाकाळ असतो, किंवा तो साफ वगळलेला असतो. तेव्हा मित्राला ‘कुठली घेतलीस?’ एवढेच विचारू नका. ‘कुणासाठी घेतलीस, त्यांना आधी काय आजार होते, आणि दावा कशाचा केलास?’ हे विचारा. मग कंपनीला आपल्या आईवडिलांचे आजार व औषधे ई-मेलने कळवून लेखी उत्तर घ्या. ही अर्ध्या तासाची खटपट आहे.

शिफारशीमागे देणेघेणे

तिसरी गोष्ट बोलायला जरा अवघड, पण बोलायला हवी. शिफारस करणाऱ्याला कधीकधी काही मिळत असते. पन्नास डॉलरांचे व्हाउचर, महिन्याचा हप्ता माफ, ओळखीच्या एजंटकडून कमिशन. मिळण्यात गैर काही नाही, न सांगण्यात आहे. घरकर्जाच्या ब्रोकरला मोबदला बहुधा कर्ज देणारी बँकच देते. १ जानेवारी २०२१ पासून ग्राहकाचे हित आधी पाहण्याचे कायदेशीर बंधन ब्रोकरवर आहे. ते बंधन ब्रोकरचे नाव सुचवणाऱ्या आपल्या मित्रावर नाही.

इथल्या ग्राहक कायद्याने, जो १ जानेवारी २०११ पासून देशभर लागू आहे, खोटी प्रशस्तिपत्रे देण्यास मनाई केली आहे. ‘आधी तुम्ही खरेदी करा, मग ओळखीच्यांची नावे द्या, त्यांनी घेतले की तुम्हाला सूट मिळेल’ असे आमिष दाखवून माल विकणेही बेकायदा आहे. केवळ नवे सभासद आणण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांवर तर पूर्ण बंदी आहे.

इंटरनेटवरच्या मतांमागेही असेच देणेघेणे असू शकते. डॉक्टरांच्या भेटीची वेळ ठरवून देणाऱ्या हेल्थइंजिन या कंपनीला फेडरल कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये २९ लाख डॉलर दंड केला. रुग्णांनी लिहिलेले सुमारे १७ हजार अभिप्राय तिने छापलेच नव्हते, आणि सुमारे ३ हजारांतले प्रतिकूल भाग काढून टाकले होते किंवा मजकूर खुलवला होता. शिवाय १ लाख ३५ हजारांहून अधिक रुग्णांची नाव-फोन यांसारखी माहिती, त्यांना नीट न कळवता, खासगी आरोग्यविम्याच्या दलालांना पैसे घेऊन दिली होती. तिथले अभिप्राय वाचून डॉक्टर निवडणाऱ्याला, न छापलेल्या अभिप्रायांची कल्पना कुठून असणार?

पडद्यावरचे स्नेही

हल्ली आपल्या मुलांचे, आणि आपलेही, काही स्नेही असे असतात ज्यांना आपण रोज मोबाइलवर पाहतो. ते स्वयंपाकघरातून बोलतात, आजारपण सांगतात, ‘मी स्वतः हे वापरते’ म्हणतात. ते घरच्यासारखे वाटू लागतात, आणि म्हणून त्यांचे बोलणे जाहिरातीसारखे वाटत नाही.

बेल गिब्सन हिचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. मेंदूचा कर्करोग आपण आहार आणि नैसर्गिक उपायांनी आटोक्यात ठेवला, असे ती सांगत असे. तिचे मोबाइल ॲप आणि पुस्तक दोन्ही गाजली. एप्रिल २०१५ मध्ये यातले काही खरे नव्हते, अशी कबुली तिने दिली. सप्टेंबर २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने तिला ४ लाख १० हजार डॉलर दंड ठोठावला. दंड झाला हे ठीकच. पण तिच्या गोष्टीवर भिस्त ठेवून कुणी उपचार लांबवला असेल, तर तो वेळ कुठलेही कोर्ट परत देऊ शकत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये स्पर्धा व ग्राहक आयोगाने, म्हणजे ए.सी.सी.सी.ने, अशा ११८ प्रभावशाली मंडळींच्या तपासणीचा अहवाल दिला. त्यातल्या ८१ टक्क्यांच्या मजकुरात ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता आयोगाला आढळली. मुख्य कारण हेच, की कंपनीकडून पैसे किंवा वस्तू मिळाल्याचे स्पष्ट सांगितलेले नव्हते.

भरवशाच्या वर्तुळातच फसवणूक

गुंतवणुकीत तर ओळख हाच फसवणुकीचा रस्ता होऊ शकतो. सिडनीच्या मेलिसा कॅडिक हिने ७० हून अधिक लोकांकडून दोन कोटींहून अधिक डॉलर गोळा केले. त्यांतले पुष्कळसे तिचे नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र होते. पैसे गुंतवल्याची खोटी विवरणपत्रे त्यांना मिळत राहिली. तिच्याकडे परवाना नव्हता. तिने दुसऱ्याच्या परवान्याचा क्रमांक वापरला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲसिकने तिच्या घरावर छापा घातला, आणि त्यानंतर ती बेपत्ता झाली. आपल्याकडे मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये कोसळलेल्या ‘टोरेस’ प्रकरणातही दर आठवड्याच्या परताव्याचे आणि नवीन माणूस आणल्यास जादा लाभाचे आमिष होते. अशा योजनांत सुरुवातीच्या मंडळींना पैसे खरोखर मिळतात, आणि तेच तिचे सर्वांत प्रामाणिक प्रचारक होतात. ‘मला स्वतःला मिळाले’ हे वाक्य खरे असते, म्हणून तर ते इतके घातक ठरते.

तर मग करावे काय?

मित्रांना विचारणे सोडू नका. कोणता दंतवैद्य हळुवार हाताचा आहे, कोणता प्लंबर सांगितलेल्या वेळी येतो, हे कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडायचे नाही. फक्त शिफारस हा चौकशीचा आरंभ समजावा, शेवट समजू नये. मी स्वतः पुढील पाच प्रश्न विचारतो.

१. हे तुम्ही स्वतः वापरले, की कुणाकडून ऐकले?
२. किती दिवस वापरले? दावा, दुरुस्ती किंवा तक्रार करण्याची वेळ आली होती का? हप्ता भरणे हा विम्याचा अनुभव नव्हे. दावा करणे हा अनुभव.
३. तुमची परिस्थिती माझ्यासारखी आहे का? वय, व्हिसा, राज्य, उत्पन्न, आजार, मुले?
४. सुचवण्याबद्दल तुम्हाला काही मिळते का? हे हसत विचारावे. चांगला मित्र हसतच सांगतो.
५. दुसरे काय पाहिले होते आणि ते का नाकारले? याचे उत्तर नसेल, तर निवड झालेलीच नाही.

मग पंधरा मिनिटे सरकारी माहिती पाहावी. आरोग्यविम्याच्या तुलनेसाठी सरकारचे ‘प्रायव्हेट हेल्थ’ हे संकेतस्थळ आहे. तिथे सर्व कंपन्यांच्या पॉलिसी दिसतात आणि कमिशनचा प्रश्न येत नाही. पैशाच्या बाबतीत ॲसिकचे ‘मनीस्मार्ट’ पाहावे. सल्लागाराचे नाव ॲसिकच्या नोंदवहीत तपासावे, आणि परवान्याचा क्रमांक ज्या संस्थेचा आहे तिला नोंदवहीतल्या पत्त्यावर थेट विचारावे, की हा माणूस तुमचाच का? बँक, विमा किंवा सल्लागाराशी वाद झाला आणि कंपनीने दाद दिली नाही, तर ॲफका ही संस्था ग्राहकाची तक्रार विनामूल्य ऐकते. आरोग्यविम्याच्या तक्रारी मात्र कॉमनवेल्थ ओंबड्समनकडे जातात. आणि औषधाच्या बाबतीत मित्राचा अनुभव कितीही चांगला असो, आपल्या डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये.

शेवटी, आपण सगळे कधी ना कधी शिफारस करणारेही असतो. तेव्हा ‘घेऊन टाक, मस्त आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘मी हे अमुक कारणासाठी घेतले, माझी परिस्थिती अशी होती, तुझी वेगळी असेल तर बघून घे’ एवढे एक वाक्य जोडावे. नव्याने आलेले एखादे कुटुंब आपला शब्द प्रमाण मानून सही करत असते, याची जाण ठेवावी.

आणि हो, हाच नियम या लेखालाही लावा. मी परवानाधारक सल्लागार नाही, कुठल्याही कंपनीकडून मला काही मिळत नाही, आणि वर दिलेल्या मर्यादा व आकडे सरकार वेळोवेळी बदलत असते. तुमच्या घरी काय लागू पडते, ते तुम्हीच तपासून घ्या.